पुढची सीट

सांवेरच्या रस्त्यावर मी पाहिलेलं भूत इतकं उंच होतं, की विजेच्या तारा ओलांडताना त्याला धोतर वर खोचावं लागलं. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उभ्या उभ्या ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय, की ऐकणाऱ्यांच्या हातातल्या जिलब्या गार झाल्या. पण लिहायला बसलो आणि हात आखडला. म्हणून रविवारच्या कथालेखनाच्या वर्गात नाव घातलं.

शिकवायला पुण्याहून नोकरीनिमित्त इथे आलेल्या एक मॅडम. माझी पानं वाचून म्हणाल्या, भूत झकास आहे, पण तुम्हाला मागे बसवणारा हा मित्र नुसती मोटरसायकल चालवतो, बाकी काही करत नाही. काढून टाका त्याला.

काढला. तसाही तो त्याच रस्त्यावर, ट्रकखाली, कधीच गेला होता.

मग एका दुपारी सगळ्यांसमोर वाचन होतं. मी जोरात सुरुवात केली आणि दुसऱ्याच पानावर अडखळलो. मित्राला काढलं होतं, पण मी मागच्या सीटवरच राहिलो होतो! मला गाडी येत नाही, त्यामुळे पुढे सरकायचं सुचलंच नव्हतं. गाडी सुसाट चाललेली, गिअर बदलतायत, हॉर्न वाजतोय, पुढे कोणी नाही. आणि माझे हात कुणाच्या तरी कमरेला.

थांबायची सोय नव्हती. वाचत गेलो. हॉलमध्ये कुणी खोकेना. संपल्यावर टाळ्या पडल्या, मागून कुणीतरी म्हणालं, "भिया, रिकामी गाडी! क्या बात है!" माझ्या ताडमाड भुताची कुणी आठवणसुद्धा काढली नाही.

टाळ्या थांबल्या तशी मित्राची आई उठली. तुमचा मुलगा गोष्टीत आहे, असं मीच त्यांना आधी सांगून बसलो होतो.

"अरे, मग गाडी कोण चालवत होतं?"

"तोच, काकू."

त्या उभ्याच होत्या. "हळू चालवत होता ना रे?"

तो जन्मात कधी हळू गेला नव्हता. वरातीतसुद्धा घोडीच्या पुढे असायचा.

"एकदम हळू, काकू. सायकलवाले पुढे जात होते. एका बैलगाडीवाल्याने तर विचारलं, येता का, आमच्यात बसा, लवकर पोचाल."

काकू हसल्या. खाली बसल्या.

मीही बसलो. माझे हात मात्र अजून तसेच होते, पुढे वेढा घालून.