बायकांच्या आजारपणाचं शून्य

"मॅडम, शून्य म्हणजे शून्यच ना? मग कव्हरवर मोठ्ठं छापतो." कंपनीचे साहेब फोनवर खुशीत होते. मी महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर, ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली. मग पुढचं वाक्य आलं. "टार्गेट पूर्ण झालं. आता ती गाडी बंद करू. उद्या सकाळी रिपोर्ट छपाईला जातोय."

गाडी म्हणजे फिरता दवाखाना. ही सूत कंपनी ज्या गावांतून कापूस घेते, तिथे आजारपणात बुडणारी मजुरी कमी व्हावी म्हणून तिने तो सुरू केला होता. अशा कंपन्या दरवर्षी सस्टेनेबिलिटी रिपोर्ट काढतात. नफा सोडून माणसांचं आणि मातीचं काय भलं केलं, ते त्यात सांगायचं. त्यातलं आरोग्याचं पान माझ्याकडे. मी हेल्थ इकॉनॉमिस्ट, म्हणजे आजारपणात घराचं काय काय जातं ते मोजणारी. औषधांचा खर्च मोजणं सोपं. बुडालेली मजुरी मोजणं अवघड. आणि आमच्या सर्व्हेत बायकांची आजारपणात बुडालेली मजुरी आली होती शून्य.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच! गॉगल डोक्यावर आणि दर वाक्याला 'डेटा सांगतो'. डेटा बिचारा गप्प असायचा, त्याच्या वतीने मीच बडबडायची. हे शून्य पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कळंबला जाऊन चिंतामणी गणपतीपुढे नारळ फोडून आले होते.

आता मात्र शंका आली. कापूस वेचणीचे दिवस, तांड्यावर घरोघरी ताप. मग मजुरी बुडत कशी नाही? समोरच्याच घरात सुमनबाई गोधडी घेऊन पडली होती. लॅपटॉप मिटला आणि तिच्याकडे गेले.

"काहून वो सुमनबाई, आज वेचाले नाही गेल्या?"

"ताप हाय न म्याडम. आंग मोडून राह्यलं."

"मग मजुरी बुडाली न?"

"बुडंल कायले? माह्या जागी ज्योती गेली न. वेचनाऱ्या टोळीतली जागा खाली ठेवली तं दुसरी घुसते. मंग बसा सीझनभर घरी."

ज्योती तिची आठवीतली पोरगी.

"अन् शाळा?"

"शाळेतली जागा कोनी घेत नाही तिची," सुमनबाई म्हणाली आणि तिनं कूस बदलली.

मी ओट्यावर परत न जाता घरं फिरले. आता प्रश्न एकच, 'तुमच्या बदली कोण गेलं?' एका घरून म्हातारा सासरा गेला होता. बाकी घरोघर पोरीच. बायकांनी सर्व्हेत खरंच सांगितलं होतं. मजुरी बुडत नव्हतीच. मीच तेवढं विचारून थांबले होते.

कंपनीच्या पैशावर माझी अख्खी टीम चालायची. तरी फोन लावला.

"सर, ते शून्य छापू नका. आई आजारी पडली की पोरगी बदली जाते."

"पण मजुरी बुडाली का?"

"नाही. शाळा बुडाली."

"मॅडम, शाळा तुमच्या पानावर येत नाही."

"खरंय. ती पुढच्या पानावर येते. तिथे तुम्ही लिहिलंय, एकही मुलगी शाळेबाहेर नाही. दोन्ही पानं याच तांड्याची आहेत, सर. कोणी लागोपाठ वाचली तर?"

गेली गाडी, गेलं आपलं कामही, असं धरूनच मी उभी होते.

शेवटी साहेब खाकरले. "गाडी चालू ठेवली तर किती दिवस ठेवावी लागेल?"

"वेचणी संपेपर्यंत तरी. आणि दुपारी नको, टोळी निघायच्या आधी पाठवा. ताप पहिल्याच दिवशी दाखवता आला तर बदली लांबत नाही."

गाडी त्या सीझनपुरती राहिली, त्यापुढचं वचन कोणी दिलं नाही. कव्हरवर शून्याऐवजी कापसाचं बोंड आलं. सुमनबाई टोळीत परतली. ज्योती शाळेत गेली आणि गणिताचा पेपर द्यावा लागला म्हणून माझ्यावरच फुगून बसली.

आजारपण कोणालाच फुकट पडत नाही. एखाद्या घरात तसं दिसलं, तर त्या घरात आणखी एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो.