पुनर्जोडणीबाबत मार्गदर्शन

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी, शिरूर-दौंड रस्त्यालगतच्या आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या सभागृहात माझ्या धाकट्या बहिणीनं प्लाझ्मावर व्याख्यान दिलं. सभागृह भरलं होतं. बहुतेकांची समजूत होती, की ती विजेबद्दल बोलायला आली आहे.

त्याला कारण होतं. त्या आठवड्यातल्या वादळात मळ्यातले विजेचे खांब आडवे झाले होते आणि पाण्याच्या मोटारी बंद होत्या; गावात तेवढी वीज होती. बहीण परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत चुंबकीय पुनर्जोडणीचा अभ्यास करते. मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. इंग्रजी संज्ञेला हा मराठी शब्द मी सुचवला होता. उपसरपंचांनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकताना त्यातला 'चुंबकीय' गाळला. गावाला गेलेला निरोप असा होता : 'पुनर्जोडणीबाबत मार्गदर्शन. सर्वांनी वेळेवर यावे.'

बहिणीच्या प्रयोगाची मुदत संपत आली होती. मुदतवाढीच्या अर्जाला, मातृभाषेत सामान्य श्रोत्यांपुढं दिलेल्या व्याख्यानाचं चित्रीकरण जोडणं आवश्यक होतं, आणि अर्ज दुसऱ्या दिवशी जायचा होता. मोबाइल धरायचं काम माझ्याकडं होतं.

पहिला प्रश्न विरोधी पॅनेलच्या आप्पांनी विचारला.

"ताई, आमचा खांब कवा उभा करताय?"

"आप्पा, मी वायरमन न्हाई."

"मंग जोडणार काय?"

"चुंबकाच्या रेषा."

"त्येच्यावर मोटर चालती का?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला आणि खुर्च्या सरकल्या. लोक उठू लागले.

बहिणीनं स्लाइड बंद केली. "उठलाच हाय तर दोन रांगा करा," ती म्हणाली.

आमच्याकडं सत्ताधारी डावीकडं बसतात आणि विरोधक उजवीकडं. रांगाही तशाच झाल्या. एकीचं तोंड तिनं दौंडकडं करायला लावलं, दुसरीचं शिरूरकडं. प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्ही स्टीलच्या बंद पिंपातली हवा काढतो," ती म्हणाली. "थोडा वायू सोडून त्यात वीज खेळवली की त्याचा प्लाझ्मा होतो. मग अशा उलट्या दिशांच्या दोन रेषा जवळ ढकलतो. सरका जवळ. आता मधल्यांनी पुढच्याला सोडा आन् शेजारच्या रांगेतल्याचा खांदा धरा."

एका रांगेच्या मध्यावर उपसरपंच होते. त्यांच्या वाट्याला आप्पांचा खांदा आला. ते थांबले.

"शूटिंग बंद करा आधी. निवडणूक तोंडावर हाय."

मी बहिणीकडं पाहिलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. मोबाइल चालू राहिला.

आप्पा मागं न बघता म्हणाले, "धरा ओ. मागनं हात टाकायची सवय हायेच तुम्हाला."

उपसरपंचांच्या रांगेतले लोकच सगळ्यात आधी हसले. मग ते स्वतः हसले आणि त्यांनी खांदा धरला.

"ओढा!" बहीण म्हणाली.

रांगांच्या आता दोन वाकलेल्या साखळ्या झाल्या होत्या. त्यातल्या एकीला शिरूरच्या अंगाला हिसका बसला आणि उपसरपंच व आप्पा जोडीनं भिंतीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. दुसरी साखळी दौंडच्या अंगाला, थेट व्यासपीठापर्यंत गेली.

"हीच पुनर्जोडणी. रेषा तुटतात, समोरच्या रेषेच्या अर्ध्या भागाशी जुळतात, आणि ताण सुटला की प्लाझ्मा असा दोन्हीकडं फेकला जातो. सूर्यावरही हेच होतं. तिथं जाता येत नाही, म्हणून पिंपात करून मोजतो."

"टिकतं किती येळ?" उपसरपंचांनी खुर्चीतूनच विचारलं.

"पापणी लवायच्या आत संपतं."

"म्हंजी आपल्या मागच्या युतीवानीच," आप्पा म्हणाले.

लोक खाली बसले. राहिलेल्या स्लाइड त्यांनी पाहिल्या, आणि मोटर कशी चालेल हे आणखी दोघांनी विचारलं. बहिणीनं चित्रीकरण, खांद्याच्या प्रसंगासह, संध्याकाळी दौंड स्थानकावर गाडीची वाट पाहताना अर्जासोबत पाठवलं. पुढच्या महिन्यात मुदतवाढ मंजूर झाली.