नोव्हेंबरातली सही

मोठ्या मिस्त्रींबद्दल धाकट्या मिस्त्रींना नेमकं काय ठाऊक होतं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर देताना खाली मान घालावी लागेल. सव्वीस वर्षं दोघांनी जोडीनं लिफ्ट दुरुस्त केल्या. पण त्या कामातली जोडी म्हणजे काय, तर एक जण गच्चीवर मशीनच्या खोलीत आणि दुसरा तळाच्या खड्ड्यात. मध्ये आठ-दहा मजल्यांचा अंधार. "घे वर", "सोड", "थांब, माझा हात आहे", एवढ्यावर दिवस निघायचा. मोठ्यांची बायको गेली हेसुद्धा धाकट्यांना चार दिवसांनी कळलं, तेही कचेरीत पडलेल्या रजेच्या अर्जावरून.

दोघांच्या वयात अंतर चार महिन्यांचं. तरी मोठे पहिल्या दिवसापासून "अरे धाकट्या" म्हणाले आणि धाकट्यांच्या तोंडचं "तुम्ही" कधी सुटलं नाही.

म्हणूनच निवृत्तीला तीन महिने उरले असताना मोठ्यांनी एका दुपारी खिशातून पत्र काढलं आणि "वाच" म्हटलं, तेव्हा धाकटे गांगरले.

पत्र पेन्शन कंपनीचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी एक एजंट वर्कशॉपमध्ये आला होता. मोठ्यांनी त्याच्याकडून खासगी पेन्शन घेतली, धाकट्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. स्वतः घेण्याबद्दल मात्र "विचार करतो" म्हणाले, आणि ते अजून विचारच करत होते. आता कंपनी कळवत होती की ही योजना त्यानंतरच्या फेब्रुवारीत सुरू झालेली असल्यामुळे तिला ठरावीक रकमेची हमी नाही. महिनाअखेरपर्यंत नव्या योजनेत आलात तर जमलेल्या पैशांवर पाच टक्के जादा मिळतील.

"फेब्रुवारी नव्हे," मोठे म्हणाले. "त्याआधीचा नोव्हेंबर. कापड गिरणीच्या लिफ्टचे दोर बदलले, तो आठवडा."

"त्यानं काय फरक पडतो?"

"सगळाच पडतो. डिसेंबरपर्यंत आत आलेल्यांना मरेपर्यंत ठरलेली रक्कम, आणि मागे ज्याचं नाव देऊ त्याला निम्मी. जानेवारीपासून कंपनीनं ते काढून टाकलं."

"मग दाखवा की त्यांना."

"काय दाखवू? अर्जावर फेब्रुवारी आहे. माझ्याच अक्षरात."

त्या रविवारी धाकटे पहिल्यांदा मोठ्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. खिडकीपाशी मोठ्यांच्या ताई शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. आई गेल्यावर त्यांनीच या भावाला वाढवलं, त्यात लग्नाचं राहून गेलं. आता डोळे अधू झाले होते. सुई बोटांनी चाचपून ओवत. टेबलाशी लेक आणि जावई कागद पसरून बसलेले.

"बाबा, नव्या योजनेत दहा वर्षांत पैसे दुप्पट झालेत," जावई म्हणाला.

"आणि पुढच्या दहांत?"

"ते कसं सांगणार?"

"जावईबापू, तुमच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात नेमकं तेच लिहिलंय. ते सोडून बाकी सगळं तुम्ही मोठ्यांदा वाचलंत."

लेक हसली. "बाबांचं हे असंच. लिफ्ट पडेल म्हणून घाबरणारा लिफ्टवाला जगात एकच."

"लिफ्ट पडत नाही. पडणार नाही अशी ठेवावी लागते."

"माझ्यापायी डोकं पिकवू नकोस रे," खिडकीतून ताई म्हणाल्या. "मला लागतं किती? दोन घास."

"ताई, तू बटणं लाव."

"बघा हो मिस्त्री, कसा बोलतो! याचं नाक मी पुसायचे."

लेकीचा आवाज खाली आला. "आत्याला आम्ही बघू की, बाबा."

"बघशील. त्यात मला शंका नाही," मोठे म्हणाले. "पण तिला मागावं लागता कामा नये. हात पसरायची तिला सवय नाही, आणि सत्तरीत ती मी लावणार नाही."

धाकट्यांनी चहा संपवला. सव्वीस वर्षांत मोठे एका दमात इतकं बोललेले त्यांनी ऐकले नव्हते.

सोमवारी दोघं अर्धी रजा टाकून पेन्शन कंपनीत गेले. टेबलावरच्या बाई तरुण होत्या, पण चष्म्याच्या वरून बघायची कला त्यांना साधली होती. मोठ्यांनी पहिल्या हप्त्याची पावती पुढे ठेवली. शिक्का डिसेंबरचा.

"पैसे आगाऊ भरले असतील तुम्ही," बाई म्हणाल्या.

"आगाऊ? मी? बाई, विजेचं बिल मी शेवटच्या दिवशी खिडकी बंद होताना भरतो."

"तसं असेल हो. पण अर्जावर तुमच्या सहीखाली फेब्रुवारी आहे. आणि हे पाहा, साक्षीदाराच्या सहीखालीही फेब्रुवारीच. दोघं एकदमच कसे चुकाल?"

धाकट्यांचे कान तापले. 

"पत्रात महिनाअखेर लिहिलंय," मोठे उठत म्हणाले. "अजून अकरा दिवस आहेत. मी परत येतो."

ते परत आले ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आणि कामासाठी. कारण त्या इमारतीची लिफ्ट या दोघांच्याच यादीत होती. लिफ्ट बंद करून धाकटे तळाच्या खड्ड्यात उतरले, स्प्रिंग पाहिली, साचलेलं तेल पुसलं. वर काम आटोपून मोठे देखभालीची वही लिहीत असावेत. एकाएकी सात मजले वर, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून हाक आली.

"धाकट्या! वर ये!"

"काय झालं? हात सापडला का?"

"हात नाही, तारीख सापडली! ये लवकर!"

सात जिने चढून धाकटे वर पोचले तेव्हा मोठे वही उघडून उभे होते. पानावर दोघांच्या सह्या, आणि सह्यांखाली तीन महिन्यांनंतरची तारीख. मागचं पान, त्याच्या मागचं पान, सगळीकडे तसंच. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या साहेबानं ही सवय लावली होती. आज आलात हे लिफ्ट चालतेय त्यावरून कळतं, तो म्हणायचा, सहीखाली पुढच्या तपासणीची तारीख टाका.

"नोव्हेंबरात तीन महिने मिळव," मोठे म्हणाले.

धाकट्यांनी बोटांवर मोजलं. मुलाच्या शाळेच्या अर्जावरही त्यांनी एकदा हाच घोळ घातला होता, आणि हेडमास्तरांनी तो परत पाठवला होता, हे त्यांना त्या क्षणी आठवलं.

मोठे खाली गेले आणि बाईंना घेऊन आले. लिफ्ट बंद, म्हणजे बाईंनाही जिनेच. गच्चीवर पोचल्यावर त्यांना बोलायला दम राहिला नव्हता. तेलकट स्टुलावर वर्तमानपत्र टाकून त्या बसल्या आणि वही चाळत राहिल्या.

"सवय दिसतेय खरी," शेवटी त्या म्हणाल्या. "पण वरचे लोक म्हणतील, लिफ्टच्या वहीचा पेन्शनच्या अर्जाशी काय संबंध? साक्षीदाराचं लेखी म्हणणं हवं. साक्षीदार कुठे आहेत?"

मोठ्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे आयुष्यभर अशा प्रश्नांच्या वेळी खड्ड्यात असत. पण आता ते गच्चीवर होते आणि मागे सरकायचं तर भिंत होती.

"मीच," ते म्हणाले. "ती तारीख चुकीची आहे. मी तिथे होतो. लिहून देतो."

बाईंनी कोरा कागद दिला. धाकट्यांनी मशीनच्या झाकणावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या, त्यात दोन ठिकाणी खोडाखोड केली, सही केली आणि कागद पुढे केला. बाई वाचत खालपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"आज किती तारीख आहे, मिस्त्री?"

"तीस."

"महिना?"

"जून."

"मग इथे तीस सप्टेंबर का लिहिलंय?"

धाकट्यांनी कागद पाहिला. ओशाळून पेन काढलं, पण बाईंनी कागद झटकन मागे घेतला.

"खबरदार खोडलंत तर! हा असाच जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून मनसोक्त हसल्या. मोठे हसले नाहीत. ते वहीवर हात ठेवून उभे होते, दोर तपासताना उभे राहत तसे.

बाईंनी त्याच दिवशी तक्रार नोंदवली आणि निकालापर्यंत मुदत थांबवली. पाच आठवड्यांनी पत्र आलं. योजना नोव्हेंबरपासून धरली जाईल, हमी लागू आहे. सोबत अर्ज होता: जुनी योजना ठेवायची की नवी घ्यायची, एका चौकोनात खूण करा. नवी घेणाऱ्याला पाच टक्के जादा अजूनही मिळणार होते. जावयानं पुन्हा हिशेब मांडला, आणि खरं तर तो चुकीचा नव्हता. बाजार चढता राहिला असता तर नवीत मोठ्यांना जास्त मिळाले असते. लेकीच्या घराला हातभारही लागला असता. ती ते बोलली नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुला देण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे," मोठे तिला म्हणाले. "पण जे ताईचं आहे ते तुला देता येणार नाही."

लेकीनंच पेन शोधून आणून दिलं. मोठ्यांनी 'जुनी' वर खूण केली, मागे कुणाला, या रकान्यात ताईंचं नाव लिहिलं आणि सही करताना शेजारी बसलेल्या धाकट्यांना तारीख विचारून घेतली. आजची.

ती पेन्शन मोठ्यांना चार वर्षं मिळाली. आता निम्मी दर महिन्याच्या पाच तारखेला ताईंच्या खात्यात येते, कुणाला काही न मागता. मधल्या वर्षांत बाजार चढला, पडला, पुन्हा चढला. नेमकं किती चुकलं आणि किती साधलं, हे धाकट्यांना सांगता येणार नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दोघांच्या भेटी तुरळकच झाल्या. शेवटची बसस्टॉपवर. मोठे ताईंना दंडाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते.

"सात नंबरला वेळ लागेल," धाकटे म्हणाले. "बसून घ्या ना बाकावर."

"बाक ओला आहे."

"हा पेपर टाका त्यांच्यासाठी."

"वाचून झाला का तुझा?"

"झाला, झाला. घ्या."