चिकटपट्टीच्या खालचा पडदा

‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ असं कुणी म्हणालं की आजही माझं टाळकं सरकतं. दोन हजार सहा-सातच्या आसपास ज्यानं ज्यानं कॉम्प्युटरवर मराठी वाचली, त्यानं हे वाक्य शंभरदा तरी ऐकलं असेल. पत्र उघडावं तर नुसते चौकोन, अहवाल उघडावा तर काना-मात्रांचा चिवडा. मग सगळे खांदे उडवायचे आणि फॉन्टच्या नावानं बिल फाडून मोकळे व्हायचे. आपली अक्षरं पडद्यावर मोडलेलीच दिसणार हे आपण इतकं गृहीत धरलं होतं, की एखादवेळी ती दुसऱ्याच कारणानं मोडली असतील अशी शंकासुद्धा कुणाला यायची नाही. मलाही आली नाही. आणि मी तर त्यातला जाणकार होतो.

भोरला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. घर उत्रोलीला. त्याआधी काही वर्षं पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम केलं, तिथल्या साहेबाशी भांडलो आणि परत आलो. भांडण हा माझ्या अंगचाच गुण आहे, त्याला कारण लागत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी इंटरनेटवरच्या एका मोफत प्रोग्रामात डोकं घालून बसायचो. देशोदेशीची माणसं मिळून तो लिहीत होती, त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा, जुना कॉम्प्युटर उभा करायचा, एवढंच त्याचं काम. खोटी डिस्क, खोटा कीबोर्ड, खोटं डिस्प्ले कार्ड. आत चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला वाटावं, आपण अजून आपल्याच काळात आहोत.

भोरमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसला मी तो बसवून दिला. वेल्ह्यापर्यंतच्या डोंगरातल्या त्यांच्या शाळांचे दाखले या ऑफिसातून निघायचे, आणि ते निघायचे एका जुनाट मराठी सॉफ्टवेअरमधून. ते बनवणारे पुण्यातले लोक धंदा बंद करून गेले होते. जुना कॉम्प्युटर एके दिवशी धूर सोडून मेला, डिस्क तेवढी वाचली, आणि नव्यावर ते सॉफ्टवेअर काही केल्या उघडेना. सगळ्या पोरांच्या नोंदी त्यात. मी माझा खोटा कॉम्प्युटर बसवला, त्यात ते सॉफ्टवेअर सुरू झालं, आणि ऑफिसचे मुख्य, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, त्यांनी माझ्यासाठी भजी मागवली. मी ती छाती फुगवून खाल्ली.

दाखले टाईप करायला एक बाई होत्या. भोरातल्याच, मुसलमान घरातल्या, नवरा टेम्पोवर. सगळं ऑफिस त्यांना भाभी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. नोकरी कंत्राटी, पण हात टाईपरायटरवर तयार झालेला, बघत राहावं असा. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. दाखल्याची दोन पानं पडद्यावर एकामागून एक येतात, त्यातल्या दुसऱ्या पानाच्या तळाला अक्षरं मोडतात, मधेच रंगीत ठिपके येतात. मी एका हातात उघडा मदरबोर्ड धरून म्हणालो, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, मोडलेलं दिसेल ते खोडून पुन्हा टाईप करा.

“सर, पयल्या पानावर समदं नीट येतंय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या तळालाच मोडतंय. फॉन्ट काय तळालाच बिघडंल व्हय?”

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “भाभी, ज्यातलं कळत नाही त्यात पडू नका.” आणि फोन ठेवला.

पुढं जे झालं ते माझ्या सांगण्याप्रमाणेच झालं, ही त्यातली सगळ्यात संताप आणणारी गोष्ट. आतला मजकूर पहिल्यापासून बरोबर होता. चुकीचा होता तो पडदा. भाभींनी काही न करता तसाच छापला असता, तर कागदावर सगळं नीट उमटलं असतं. पण मी दुरुस्त करा म्हणालो होतो. म्हणून त्या बरोबर असलेलं खोडत होत्या, पुन्हा टाईप करत होत्या, ते परत मोडलेलं दिसलं की परत खोडत होत्या. आपण नक्की काय खोडतोय हे दिसतच नव्हतं. दाखल्याचे कोरे नमुने नंबर टाकलेले, मोजून मिळायचे, त्यामुळे एखादा वाया घालवून बघायचीही सोय नव्हती. कागद बाहेर यायचा तेव्हा शेवटच्या रकान्यांत अक्षरं कुठं गाळलेली, कुठं दोनदा पडलेली.

एकदा प्रिंटरच्या कामाला मी तिथं गेलो होतो, तेव्हा वेल्ह्याकडची एक बाई मुलीचा दाखला घेऊन आली. तिसरी खेप होती तिची. शाळा सोडल्याचं कारणच वाचता येत नाही म्हणून पुढच्या कॉलेजनं दाखला परत केला होता. ती भांडली नाही. कागद टेबलावर ठेवला आणि तीन वाजताची एसटी मिळेल का, एवढंच विचारलं. भाऊसाहेबांनी मात्र सगळ्यांसमोर भाभींना फैलावर घेतलं. डोळे तपासून घ्या म्हणाले, मन कुठं असतं विचारलं, आणि एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगून टाकलं.

भाभींनी माझ्याकडं बघितलं. मी पुटपुटलो, “भाऊसाहेब, थोडा फॉन्टचाही प्रॉब्लेम असू शकतो.”

“मग बाकीच्या अक्षरांना का नाही प्रॉब्लेम?” ते म्हणाले. 

घुश्शात दुकानात आलो आणि त्या मोफत प्रोग्रामवाल्यांना मेल टाकली. मोडलेल्या पडद्याचा फोटो आधीच काढला होता, तो जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाचं उत्तर. फार सभ्य. आमच्याकडं सगळं व्यवस्थित दिसतं, तुमची लिपी आम्हाला वाचता येत नाही, बहुधा तुमच्या फॉन्टचा प्रॉब्लेम असावा.

मी स्टुलाला लाथ घातली. शेजारचा चहावाला डोकावून गेला. मला येत होतं नव्हतं तेवढं सगळं इंग्रजी गोळा करून मी त्या माणसाची हजेरी घ्यायला बसलो. लिपी वाचता येत नाही म्हणून बिघाड आमच्या लिपीचा? डोळे आहेत ना? नीट बघ, पहिलं पान स्वच्छ आहे, दुसऱ्या पानाच्या तळालाच अक्षरं मोडतात, फॉन्ट काय फक्त तळाला बिघडतो?

इथवर लिहिलं आणि माझे हात थांबले. वाक्य माझं नव्हतंच. ज्या बाईला मी गप्प बसवलं होतं, तिचं होतं. त्या परदेशी माणसानं निदान उत्तर तरी सभ्यपणे दिलं होतं. मेल अर्धवट सोडून मी ऑफिसात गेलो.

भाभी काम करत होत्या. महिना संपायला चार दिवस राहिले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या मागं बसलो आणि पहिल्यांदाच नुसतं बघितलं. मॉनिटरच्या उजव्या कडेला, प्लास्टिकवर, चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावलेला होता. तो मी आधीही बघितला होता. तडा गेला असेल, असं समजून सोडून दिला होता.

“ही पट्टी कशाला?”

“तितनं खाली पडदा खोटं बोलतो,” भाभी म्हणाल्या. “रोज तितनंच. येक वळ वर न्हाई का खाली न्हाई. पट्टीच्या वर असंल तर म्या डोळं झाकून इश्वास ठेवते.”

मी त्यांच्या टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि मॉनिटर मोजला. पडद्याच्या उंचीचे दहा भाग केले, तर चिकटपट्टी सातव्या भागाच्या जरा खाली येत होती. तिथंच एक रिकामं पाकीट पडलं होतं, त्याच्या पाठीवर मी आकडे मांडले. जुन्या डिस्प्ले कार्डाच्या स्मृतीत पडद्याच्या आठशे एकोणीस आडव्या रेघा मावतात. पहिलं पान पडदाभर, चारशे ऐंशी रेघांचं, दुसरं त्याच्या पाठोपाठ तेवढंच. मग दुसऱ्या पानासाठी उरतात तीनशे एकोणचाळीस, म्हणजे दहातले सात आणि थोडं वर. बरोबर चिकटपट्टीपर्यंत. खऱ्या कार्डात जागा संपली की ते पुन्हा पहिल्या रेघेपासून वापरायला घेतं, माळेचा शेवटचा मणी झाला की पहिला हातात येतो तसं. जुन्या सॉफ्टवेअरवाल्यानं हे धरूनच दुसरं पान बसवलं होतं, पहिल्यावर परतलं की ते नव्यानं काढायचं. आमचं खोटं कार्ड मात्र पहिल्या मण्याकडं वळायचंच विसरलं होतं. ते सरळ पुढं जाऊन भलत्याच जागेतला कचरा वाचत होतं आणि तोच पडद्यावर दाखवत होतं.

देशोदेशीच्या हुशार माणसांना आणि मला जो बिघाड सापडला नाही, तो भाभींनी चिकटपट्टीच्या एका तुकड्यानं दाखवून ठेवला होता. किती दिवस झाले, मी विचारलं. पयल्याच आठवड्यापासनं लावलीय, त्या म्हणाल्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी चिडतो.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण सगळा प्रोग्राम नव्यानं तयार करायला तासभर लागायचा, आणि त्या दिवशी लोडशेडिंगनं दोनदा तो अर्ध्यावर मोडला. बॅटरी तेवढी टिकत नव्हती. दुपारभर मी दुकानाच्या पायरीवर बसून वीज कंपनीला शिव्या देत होतो. काम झालं तेव्हा ऑफिस सुटायची वेळ होऊन गेली होती.

सकाळी दहाला मी ऑफिसच्या दारात. नवा प्रोग्राम घातला, भाभींनी एक दाखला उघडला, दुसऱ्या पानावर गेल्या. चिकटपट्टीच्या खाली सगळ्या ओळी स्वच्छ. बोटानं ओळीखालून ओळ वाचत तळापर्यंत गेल्या, मग वर येऊन पुन्हा वाचलं.

मी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चूक भाभींची नव्हती, प्रोग्रामची होती. खोडून पुन्हा टाईप करा हे त्यांना मी सांगितलं होतं, म्हणून दाखले बिघडले.

“म्हणजे फॉन्ट बसला एकदाचा,” भाऊसाहेब म्हणाले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, भाभी काही कुठं जात नाहीत, तो विषय कालच मिटला. मग एक फाईल काढून माझ्यापुढं ठेवली. आदल्या दुपारी, मी विजेची वाट बघत पायरीवर बसलो होतो तेव्हा, त्यांनी भाभींकडून लेखी घेतलं होतं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे दाखल्यांत टायपिंगच्या चुका झाल्या, मला एक संधी मिळावी.’

“हा कागद काढून टाका,” मी म्हणालो.

“फाईलला लागलेला कागद निघत नसतो,” ते म्हणाले. त्यावर आवक नंबर पडला होता.

मी तो हातात घेऊन वाचला. भाभींनी स्वतःच, त्याच कॉम्प्युटरवर टाईप केलेला होता. एका पानात, पट्टीच्या वर मावेल एवढाच. पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत मी चूक शोधली. टायपिंगची एकही नव्हती.