बेबीआत्याचं मुंगूस

सकाळी परसात मुंगूस दिसलं की बेबीआत्या हातातली केरसुणी खाली ठेवून त्याला चक्क नमस्कार करायची. "मंगूस दिसला, आता दिस बरा जायाचा," असं मला भिंतीवरून ओरडून सांगायची. तिचा दिवस कसा जायचा ठाऊक नाही, मुंगसाचा मात्र छान जायचा. दर दोन-चार दिवसांनी आत्याच्या कोंबड्यांचं एक पिल्लू कमी व्हायचं.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. ओवे गावात आमची परसं एकमेकांना लागून, एवढंच नातं. तिचा नवरा खाडीवर मासेमारी करायचा. तो गेल्यावर त्याचं जाळं तिनं स्वतः सांधून अख्ख्या परसावर ताणलं, कारण मागच्या टॉवरच्या गच्चीवर घारी बसायच्या. "घार तं सोडच, घारीची सावली पन नाय जायाची यातून," म्हणायची. ते खरंच होतं. पण चोर वरून येतच नव्हता, भिंतीच्या बुडातल्या भोकातून येत होता. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

"अगं आत्या, तेच खातंय तुझी पिल्लं!"

"गप रं. ते हाय म्हनून परसात साप नाय."

"आणि कोंबड्याही नाय!"

त्या वर्षी मात्र मी हट्टालाच पेटलो. तिची एकुलती एक लेक सुगंधा उलव्याला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळंतिणीला घरच्या गावठी कोंबडीचाच रस्सा पाजायचा, हे आत्यानं फोनवर तिला शंभरदा ऐकवलं होतं. "ब्रॉयलर म्हंजे वला कापूस. माज्या पोरीला नाय घालायची." त्यासाठी एक काळी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, ती जिवापाड वाढवत होती.

मी सुट्टीच्या दिवशी विटा आणल्या, सिमेंट कालवलं, भोक बुजवलं. कंबर मोडली. आठवड्यानं पाहतो तर एक वीट काढलेली.

"त्याची वाट हाय ती, बाला. वाट अडवली तर त्यो फिरकनार नाय. पोरीचं तोंडावर आलंय, आता तर रोज दिसाया पायजे."

मी कपाळावर हात मारला. लेक सुखरूप सुटावी म्हणून शकुन हवा, आणि त्या शकुनापायी लेकीचीच कोंबडी उघड्यावर! मी वीट परत बसवली. तिनं परत काढली. शेवटी मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

सुगंधाला मुलगा झाला. मायलेकरं घरी यायच्या आदल्या दिवशी परसात काळी पिसं तेवढी उरली.

त्यांना दवाखान्यातून मीच गाडीनं आणलं, म्हणून आत्यानं मला जेवायला थांबवून घेतलं. सुगंधानं रश्श्याचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आये, ही आपली तलंग नाय."

आत्या बाळाचं दुपटं उगाच सारखं करत राहिली. आता मुंगूस निघणार, वीट निघणार, म्हणून मी सरसावून बसलो. एवढ्या दिवसांचा राग पोटात होता.

"घारीनं नेली गं," आत्या म्हणाली.

"बाबांच्या जाल्यातून?" सुगंधाला खरं वाटेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं, आणि त्या नजरेत भांडण अजिबात नव्हतं. मला तिचा भयंकर संताप आला, आणि कीवही आली.

"घारच होती," मी म्हटलं. "जाळं जुनं झालंय आता."