गयाच्या शेळ्यांची आन

पुस्तकात खून पडला की गयाबाई आधी आपल्या शेळ्या मोजायची. पायरीवर ठेवलेल्या फोनमधून तो घोगरा आवाज गोष्ट सांगत असायचा, माझा हात सुपातल्या तुरीवर थबकलेला असायचा, आणि ही उठून लिंबाखाली बोट नाचवत फिरून यायची. "आपलं जित्राब बराबर हाय, अक्का. लाव पुढं."

गया माझी गोरेगाव खेड्यातली शेजारीण. तिच्या पुण्याच्या लेकाने फोनवर हे खुनाचं पुस्तक घालून दिलं होतं. मला असल्या गोष्टींचा भारी तिटकारा. नवी नवरी असताना आमच्या यांच्या रहस्यकथा मी चिमट्यात धरून ओसरीवर फेकायची. काय तो माझा तोरा! उशाशी थोरामोठ्यांची चरित्रं ठेवायची आणि दुसऱ्या पानावर घोरायची. पण गयाने बळंच ऐकायला बसवलं, आणि दोन-तीन दुपारी गेल्यावर मीच कुंपणावरून ओरडू लागले, "गया, आटप की! त्या कंपाउंडरचं काय झालं?"

एकटीने ऐकायचं नाही, हा नियम तिचाच. "माझ्या शेळ्यांची आन हाय," म्हणाली. खुनी ओळखायची तिची रीतही ठरलेली. "जे लय रडून राहिलं ना अक्का, त्याच्यावर नजर ठेव."

मी नजर ठेवली, पण फोनमधल्या माणसांवर. लिंबाखालचा कळप विरळ होत चालला होता. विचारलं तर म्हणायची, "करडं लेकीकडं धाडली." पुढे पुढे तर खून पडला तरी ही मोजायला उठेना. मी आपली कंपाउंडरच्या चपलेवरचा चिखल तपासत बसलेली!

मग एका सकाळी तिच्या दारात जीप उभी राहिली. टपावर पेटी, वळकटी. दावणीला एकही शेळी नाही.

"लेकाकडं चालले, अक्का. कायमची."

"कधी ठरलं?"

"लय दिस झाले. शेळ्या बाजारात निघाल्या तवाच."

"आन् मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू रुसून ऐकायचं सोडलं असतं."

आणि माझ्या गळ्यात पडून अशी रडली की जीपवाल्यालाही हॉर्न वाजवायचा धीर होईना. मी मात्र कोरडी उभी. रागाने पाणीच आलं नाही डोळ्यांना. जीप गेली, तिच्या कमरेच्या पिशवीत फोन गेला, आणि फोनात पुस्तकाचे राहिलेले भाग.

चार दिवसांनी माझा फोन वाजला. "अक्का, म्या शेवटपर्यंत ऐकलं गं!"

"आन् शेळ्यांची आन?"

"शेळ्याच राहिल्या न्हाईत, मंग आन कशाची?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "खुनी कोण, सांगू का?"

"नगं. मला ठाऊक हाय," मी म्हणाले. "जीपपाशी लय रडून राहिली होती. आता पुण्यात लेकाकडं ऱ्हाती."