दहिवलीतली जपानी खानावळ

माझा दोस्त जपानातून एकटाच परतला. काडेपेट्या करायचं शिकायला तो आणि माझा थोरला भाऊ दोघं मिळून गेले होते. दिवाळीपासून भावाचं पत्र नव्हतं. दोस्ताला येऊन आठ दिवस झाले, तरी हा गडी आमच्या घराकडे फिरकला नाही. रस्त्यात गाठला तर म्हणाला, "त्याचं काम राहिलंय, मागनं येईल," आणि सटकला. मला असा राग आला म्हणून सांगू!

मग त्याचाच निरोप आला, जेवायला ये. समुद्र ओलांडून आलेला माणूस, त्याच्या पानाला पान लावायला कोणी तयार नव्हतं. घरच्यांनीसुद्धा त्याला नदीपलीकडे दहिवलीच्या मळ्यातल्या खोपीत वेगळा ठेवला होता. मी मात्र निघालो. वहिनी अंगणात आली. "भावजी, कधी येणार तेवढं नक्की विचारून या."

नदी उतरून दहिवलीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. "या, या! जपानी खानावळ उघडी हाय," तो म्हणाला. तोंडावर हसू होतं, पण बघत होता माझ्या पायांकडे. चिकट गुरगुट्या भात आणि नुसत्या मिठात उकडलेला मरळ मासा, ना हळद ना तिखट. "हे काय रं, आजाऱ्याचं जेवण?" मी म्हटलं.

"तिथं कच्चा खातात. तुझ्यासाठी शिजवलाय, उपकार मान."

"दादा कधी येतोय?"

"आधी पोटभर जेव."

हे त्याने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर पुढं विचारायची छाती होईना, म्हणून मी पुढ्यातलं खात राहिलो.

जेवायचं दोन काड्यांनी. माझ्या हातून सगळं निसटत होतं आणि मी काड्यांना शिव्या घालत होतो. शेवटी माशाचा एक तुकडा सापडला एकदाचा! मी तो तसाच काड्यांत धरून त्याच्या काड्यांपुढे नेला. "धर, घे!"

त्याने काड्या खाली टाकल्या. "असं नाय द्यायचं. काड्यांतून काड्यांत नाय."

"का रं बाबा?"

"तिथं अस्थी अशा वेचतात. दोघांनी. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत."

मी हसलो. "तू कुठं गेला होतास अस्थी वेचायला?"

तो खाली पडलेल्या काड्या उचलून एकीशेजारी एक लावत बसला. माझं हसू तोंडातच राहिलं.

"दुसऱ्या काड्या कोणाच्या हातात होत्या?" मी विचारलं.

"घरमालकिणीच्या. आपलं दुसरं कोण होतं तिथं? मार्गशीर्षात ताप आला, पाच दिवसांत आटोपलं. चारदा पत्र लिहिलं रं, चारदा फाडलं. जेव म्हटलं ते याच्यासाठी. आता तुमच्याकडे चूल पेटायची नाय."

मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. हात धुतले आणि निघालो.

माणूस गेल्याचं कळल्यावर आंघोळ करायची, म्हणून नदीत अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारली आणि ओलेत्यानेच अंगणात शिरलो. वहिनी तांदूळ निवडत होती. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"नदीत पाय घसरला का हो?"

सूप मांडीवरून खाली गेलं तरी ती माझ्याकडेच बघत होती.

"भावजी, हो म्हणा ना."